अनौपचारिक शिक्षण आणि गावाचे नेतृत्व

श्रोतेहो, नमस्कार.

प्रौढांच्या शिक्षणाविषयी साताऱ्यात बोलायचे तर सुरुवात १९५९ सालापासून करावी लागते. त्या वर्षी या जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे ती महाराष्ट्रभर गेली. साधारण चार महिन्यांत गावातील निरक्षर प्रौढांना लिहायला, वाचायला आणि साधा हिशेब करायला शिकवायचे, जोडीला शेती आणि आरोग्याची माहिती द्यायची आणि सारे गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ करायचा, असे तिचे स्वरूप होते. प्राथमिक शिक्षक आणि गावातील शिकलेली माणसे हे काम बिनमोबदला करीत. गावाने आपल्याच माणसांना शिकवावे, ही कल्पना मोठी होती आणि तिचे मोल आजही कमी लेखता येणार नाही.

तरीही पुष्कळ नवसाक्षर पुढे अक्षरे विसरले. फिरती वाचनालये होती, पण पाठपुरावा पुरेसा झाला नाही, असे कारण सांगितले जाते आणि ते खरेच आहे. मला मात्र त्याहून खोलवरची एक अडचण दिसते. आज शिकलेले उद्या सकाळी कुठे वापरायचे, हा प्रश्न वर्गात सुटत नव्हता. बाईने सही करायला शिकावे आणि आपण सही कशाखाली करतो आहोत हे मात्र दुसऱ्याने वाचून सांगावे, असे होत असेल, तर गावातील तिचे स्थान त्या सहीने बदलत नाही. अनौपचारिक शिक्षणातून विकास होतो आणि नेतृत्व उभे राहते असे आपण म्हणतो, पण शिकलेली गोष्ट चार लोकांसमोर वापरण्याची वेळ शिकणाऱ्यावर आली तरच ते घडते, असे मला वाटते.

याच जिल्ह्याच्या माण तालुक्यातील म्हसवडचे उदाहरण पाहावे. रस्त्याच्या कडेला वेल्डिंगचे काम करणाऱ्या एका बाईला रोजच्या कमाईतून थोडे पैसे साठवायचे होते, पण बँका तिचे खाते उघडायला तयार नव्हत्या. तेव्हा तिथल्या सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हा यांनी गावोगावच्या बायकांना घेऊन स्वतःची सहकारी बँक काढायचे ठरवले. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण प्रवर्तक सभासद निरक्षर होत्या. मग दिवसभर राबून आलेल्या या बायका साक्षरतेच्या वर्गाला बसू लागल्या. काही महिन्यांनी त्या पुन्हा अधिकाऱ्यांसमोर गेल्या आणि म्हणाल्या की, आम्हाला वाचता येत नसले तरी मोजता येते. कोणत्याही मुद्दलावरचे व्याज विचारा, आम्ही यंत्राशिवाय तोंडी सांगतो, तुमच्या अधिकाऱ्यांनाही तसेच सांगू द्या. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. पुढे २००६ मध्ये ग्रामीण बायकांसाठी व्यवसाय शिकवणारी शाळा निघाली आणि घर सोडून येणे ज्यांना जमत नाही त्यांच्यापर्यंत ती बसमधून जाऊ लागली. या बायकांना हिशेब आधीपासून येत होता. तो अधिकाऱ्यांपुढे बोलून दाखवण्याचे धैर्य त्यांना एकत्र शिकण्यातून आले आणि नेतृत्वाची सुरुवात मी तिथे मानतो.

दुसरे उदाहरण कोरेगाव तालुक्यातील वेळू गावाचे. पाणी फाउंडेशन या संस्थेची पहिली वॉटर कप स्पर्धा, म्हणजे गावागावांतली जलसंधारणाच्या कामाची चढाओढ, २०१६ मध्ये राज्यातील तीनच तालुक्यांत झाली, त्यांपैकी कोरेगाव एक होता, आणि पहिला क्रमांक वेळूने मिळवला. स्पर्धेआधी गावकऱ्यांना पाणलोटाच्या कामाचे प्रशिक्षण दिले गेले. अशा प्रशिक्षणात डोंगरउतारावर समपातळीची रेषा कशी आखायची, हे हाताने करून शिकतात. पाणी भरलेल्या पारदर्शक नळीची दोन टोके आकडे टाकलेल्या दोन काठ्यांवर धरायची. दोन्हीकडे पाणी एकाच आकड्यावर थांबले की त्या दोन्ही जागा एका पातळीत आहेत असे समजून फक्कीने खूण करायची आणि काठी पुढे न्यायची. त्या खुणांवरून पावसाचे पाणी अडवणारा समतल चर खोदला जातो. हे करायला दहावीचे प्रमाणपत्र लागत नाही, पण चर चुकला तर पहिल्या मोठ्या पावसात तो सगळ्यांच्या डोळ्यांदेखत फुटतो. म्हणून नळी धरणाऱ्याच्या शब्दाला शिवारात वजन येते, मग ती बाई असो वा कालपर्यंत कोणी न विचारलेला तरुण.

रेडिओचाही या कामात वाटा आहे. १९५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने सुमारे दीडशे गावांत शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत, आणि त्यांचे प्रश्न पुन्हा केंद्राकडे येत.

महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींमध्ये निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. जागा मिळाली तरी जमाखर्चाची वही ग्रामसेवक आणि नवरा यांच्यातच फिरत राहिली, तर निवडून आलेल्या बाईच्या हाती काय राहते? म्हणून गावातील प्रौढांच्या वर्गात बाराखडीच्या बरोबरीने बचतगटाची वही, सातबारा, रेशनकार्ड आणि ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक वाचायला घेतले पाहिजे, असा माझा आग्रह आहे. अंदाजपत्रकातील एक ओळ वाचून ग्रामसभेत उभे राहून प्रश्न विचारणे हाच त्या वर्गाचा गृहपाठ असावा.

सध्या केंद्र सरकारचा उल्लास हा साक्षरता कार्यक्रम सुरू असून त्यात पंधरा वर्षांवरील निरक्षर व्यक्तींना स्वयंसेवक शिकवतात. आपल्या घरात किंवा शेजारी असे कोणी असेल, तर जवळच्या शाळेत त्यांचे नाव नोंदवावे, आणि आपण स्वतः शिकलेले असाल तर स्वयंसेवक म्हणून आपलेही नोंदवावे. शिकवायला बसण्याआधी त्यांना एवढे अवश्य विचारावे की, वाचता न आल्यामुळे घरातला कोणता कागद अडून राहिला आहे, आणि पहिला पाठ त्याच कागदावरून घ्यावा.