बॉम्ब पडत असताना घेतलेलं उड्डाण

(दृश्य : होटगी रस्ता, विमानतळाचं कुंपण, उन्हं वर आलेली)

सोलापूरकराला धावपट्टी म्हणजे काय, हे वेगळं सांगावं लागत नाही. या विमानतळावरून गावात इतकी वर्षं वाद झाले की पानटपरीवरचा माणूसही टेकऑफ, लँडिंग, अडथळा असले शब्द सहज बोलतो. साखर कारखान्याची चिमणी विमानाच्या वाटेत येते की नाही, यावरून गावात दोन तट पडले. १५ जून २०२३ला ती चिमणी पाडली. २०२५च्या जूनमध्ये गोव्याचं विमान सुरू झालं. विमानाच्या वेळेला इथे दुचाकी स्टँडवर लावून थांबणारी मंडळी आहेत. चाकं जमिनीवरून सुटली की कुणीतरी ओरडतं, “उडलं बे!”

ते सुटण्याचे क्षणच वैमानिकासाठी सगळ्यात अवघड असतात. वेग पुरेसा नसतो, उंची तर नसतेच. वळायला गेलं तर विमान कोसळतं, सूर मारायला खाली जागा नसते. प्रवासी विमानाच्या वाटेतून चिमणी काढता येते. पण वरून शत्रूची सहा विमानं बॉम्ब टाकत असतील तर?

हे प्रत्यक्ष घडलं होतं. १४ डिसेंबर १९७१ला, श्रीनगरच्या धावपट्टीवर. वैमानिकाचं नाव फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों.

सोलापूरला आपले हुतात्मे कमी नाहीत. चार हुतात्म्यांचे पुतळे आहेत, भैय्या चौकात डॉ. कोटणीसांचं घर स्मारक म्हणून जपलंय. सेखोंचं या गावाशी कसलंच नातं नाही, आणि आम्ही ते ओढूनताणून लावणारही नाही. धावपट्टीचा विषय या गावाला जवळचा आहे, म्हणून ही गोष्ट इथून सांगतोय, एवढंच.

(दृश्य : पंजाबचा नकाशा, लुधियाना जिल्हा)

सेखों लुधियाना जिल्ह्यातल्या इसेवाल गावचे. वडील त्रिलोक सिंग हवाई दलातच नोकरीला होते, त्यामुळे विमानांच्या गोष्टी घरातल्याच. मुलगा आधी आग्र्याला इंजिनिअरिंगला गेला, पण ते अर्ध्यावर सोडून हवाई दलात दाखल झाला. ४ जून १९६७ला त्यांना कमिशन मिळालं आणि पुढे ते १८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये, म्हणजे हवाई दलाच्या तुकडीत, आले. उंचेपुरे, मिशा राखलेले, भेटेल त्याला ‘ब्रदर’ म्हणणारे. शेवटी सगळे त्यांनाच ब्रदर म्हणायला लागले. १९७१चं युद्ध सुरू झालं तेव्हा लग्नाला जेमतेम काही महिने झाले होते.

(दृश्य : नॅट विमान, बाजूने आणि समोरून)

हे त्यांचं विमान, नॅट. मूळ इंग्लंडचं, पण आपल्याकडे बंगळुरूच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये बनायचं. पंखांच्या दोन टोकांमधलं अंतर पावणेसात मीटर, म्हणजे एसटीच्या लाल गाडीपेक्षाही बरंच कमी. उंची इतकी बेताची की कॉकपिटमध्ये चढायला मोठी शिडी लागत नसे. तीस मिलिमीटरच्या दोन तोफा, एक इंजिन, आणि आत माणूस अक्षरशः कोंबून बसवलेला. समोर पाकिस्तानचं सेबर, आकाराने कितीतरी मोठं, सहा मशीनगनवालं. तरीही १९६५च्या युद्धात नॅटने सेबर पाडले. १९७१मध्येही, युद्ध रीतसर जाहीर होण्याआधीच, २२ नोव्हेंबरला पूर्व पाकिस्तानच्या सीमेवरच्या बोयऱ्याच्या आकाशात पुन्हा पाडले. लहान असल्याने ते चटकन दिसत नसे आणि वळायचं झपाट्याने. मात्र त्याचं कौतुक करताना खोड्याही सांगायला हव्यात. ऐन वेळी तोफा अडकायच्या, नियंत्रणं दगा द्यायची. नॅटच्या वैमानिकाला आधी स्वतःच्या विमानाला सांभाळावं लागे, शत्रू नंतर.

श्रीनगरची अडचण आणखी वेगळी. १९४८पासूनच्या आंतरराष्ट्रीय करारामुळे तिथे लढाऊ विमानांचा कायमचा तळ नव्हता. युद्ध सुरू झाल्यावर तिथे राहून खोऱ्याचं रक्षण करायला आलेल्या सेखोंना आणि त्यांच्या साथीदारांना तिथले डोंगर, तिथली उंची, डिसेंबरची कडाक्याची थंडी, सगळंच नवं होतं. त्यात पुरेशी आधी सूचना देणारं रडार नाही. डोंगरांवरच्या चौक्यांमधून माणसं डोळ्यांनी पाहून कळवणार, की विमानं आली. कळेपर्यंत ती जवळजवळ डोक्यावर.

(दृश्य : धुक्यातली धावपट्टी. पार्श्वसंगीत बंद)

१४ डिसेंबरची सकाळ. हवेत धुकं. पेशावरहून सहा सेबर निघाले होते. चौघांकडे बॉम्ब, दोघं त्यांच्या राखणीला. श्रीनगरला सज्जतेच्या पाळीवर दोन नॅट होते, पुढे फ्लाइट लेफ्टनंट घुम्मन आणि मागे सेखों.

सूचना मिळाली आणि घुम्मन यांचं विमान धावपट्टीवरून सुटलं. त्यांच्या मागे धुळीचा लोट उठला. मागच्या वैमानिकाला धूळ जरा खाली बसेपर्यंत थांबावं लागलं. सेखों धावू लागले आणि त्याच वेळी धावपट्टीवर बॉम्ब पडायला लागले.

इथे आपण थोडं थांबू. या लढाईचं वर्णन करताना बहुतेक जण घाईने आकाशात जातात. आमच्या मते खरा निर्णय जमिनीवर झाला. त्या घडीला थ्रॉटल मागे ओढून, विमान सोडून खंदकाकडे धावले असते, तर कुणी बोट दाखवलं नसतं. पुढे त्यांना मिळालेल्या परमवीर चक्राच्या मानपत्रातसुद्धा हेच आधी येतं, की अशा हल्ल्यात उड्डाण करणं म्हणजे जिवाशी खेळ आहे हे समोर दिसत असताना त्यांनी उड्डाण केलं. नॅटच्या इजेक्शन सीटला, म्हणजे संकटात वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनाला, पॅराशूट उघडायला काहीएक वेग आणि उंची लागायची. धावपट्टीवरून नुकतंच सुटलेल्या विमानात दोन्ही नसतं. काही झालंच तर बाहेर पडायची सोय नाही.

विमान उडालं. धुक्यात घुम्मन आणि सेखों यांची चुकामूक झाली, ती पुन्हा जुळली नाही. आता सहांसमोर एक.

बॉम्ब टाकून वळणाऱ्या दोन सेबरच्या मागे सेखोंनी आपलं विमान घातलं. आपण दोघांच्या मागे आहोत, यांना सोडत नाही, हे त्यांनी रेडिओवर सांगितलं, तेही वैमानिकांच्या रांगड्या भाषेत. लढाई तळाच्या जवळच, कमी उंचीवर, गोल गोल फिरत चालली होती. एका सेबरला गोळे लागले आणि दुसऱ्याला आग लागली, असं मानपत्रात नोंदवलंय. तेवढ्यात राखणीचे दोन सेबर खाली उतरले. त्यांच्यातल्या सलीम बेग मिर्झा या वैमानिकाच्या गोळ्यांनी नॅटचा वेध घेतला. आपल्याला गोळ्या लागल्याचं सांगत सेखोंनी घुम्मन यांना मदतीला बोलावलं. तो त्यांचा शेवटचा संदेश.

घायाळ नॅट तळाकडे वळवायचा त्यांनी प्रयत्न केला. नियंत्रणं निकामी झाली असावीत, कारण विमान एकदम उलटं होऊन खाली गेलं. विमानाचे अवशेष दरीत सापडले. लष्कराने आणि हवाई दलाने पुष्कळ शोध घेतला, पण देह काही हाती लागला नाही. पुढे खुद्द मिर्झांनी आपल्या लेखात या प्रतिस्पर्ध्याचं मनापासून कौतुक केलं.

(दृश्य : परमवीर चक्राचं जवळून चित्रण)

सेखोंना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. पदक कांस्याचं, फीत जांभळी, मधोमध राजमुद्रा आणि भोवती इंद्राच्या वज्राच्या चार आकृती. महाराष्ट्राने लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट इथे आहे. या पदकाची रचना केली सावित्रीबाई खानोलकरांनी. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेली ही बाई विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून इथलीच झाली, संस्कृत आणि पुराणं शिकली. वज्रासाठी स्वतःच्या अस्थी देणाऱ्या दधीची ऋषींची कथा तिला चांगली ठाऊक होती.

आजवर परमवीर चक्र एकवीस जणांना मिळालं. वीस जण भूदलाचे, हवाई दलाचे एकटे सेखों. २०२३मध्ये अंदमानातल्या एकवीस बेटांना या एकवीस जणांची नावं दिली, त्यातलं एक त्यांच्या नावाचं. लुधियानात त्यांचा पुतळा आहे आणि शेजारी नॅट विमान.

हवाई दलाला एकच का, हा प्रश्न कुणालाही पडेल. आमचा अंदाज असा. वैमानिक बहुधा शत्रूच्या हद्दीत, ढगांच्या पलीकडे, एकटा किंवा दोघं-चौघं मिळून लढतो. काय घडलं ते सांगायला मागे फारसं कुणी नसतं. सेखोंची लढाई मात्र त्यांच्याच तळाच्या जवळ, मानेने वर पाहता येईल इतक्या उंचीवर झाली. टॉवरमधल्या अधिकाऱ्यांच्या कानावर ती रेडिओवरून पडत होती, आणि धुक्यातून जेवढं दिसत होतं तेवढं खालचे लोक पाहत होते.