जुन्या गाडीचे हवेचे व्हेंट काढायचे? आधी तांब्याभर पाणी ओता

(कॅमेऱ्यासमोर. हातात व्हेंटचा काळा पत्र्याचा डबा.)

नमस्कार मंडळी. हा डबा बघा. क्लासिक गाड्यांमध्ये डॅशबोर्डखाली, पायाच्या बाजूच्या पत्र्याला हा बसलेला असतो. आत झडप, झडपेला केबल, केबलच्या टोकाला नॉब. नॉब ओढला की बाहेरची हवा थेट पायांवर. पंखा नाही, मोटर नाही, बॅटरीचाही संबंध नाही.

आणि एसी बसवायचं ठरलं की पहिला बळी याचाच जातो. ‘तसंही यातून पाणी गळतंय, काढून टाका, पत्रा मारा.’ मीही मारला होता. त्या गाडीचे दोन्ही डबे भंगारात दिले आणि नंतर तसलेच शोधत फिरलो. त्यामुळे आज जे बोलतोय ते थोडं दुखऱ्या जागेवरून आहे.

(काच आणि बॉनेटमधल्या जाळीवर क्लोजअप.)

हवा येते इथून. गाडी पळायला लागली की वारा काचेच्या पायथ्याशी येऊन तुंबतो आणि इथला दाब वाढतो. म्हणून जाळी इथे ठेवली. जाळीखालची ही पोकळी म्हणजे काउल. पावसाचं पाणीही इथूनच आत पडतं, आणि ते पडणार हे गृहीतच धरलेलं आहे. पाणी कडेच्या वाटांनी खाली उतरून पुढच्या चाकामागून, फेंडरखालून (चाकावरच्या पत्र्याखालून) बाहेर जावं आणि हवा तेवढी आत यावी, असा सगळा बेत.

आत आलेल्या हवेला बाहेर जायलाही वाट लागते. फोर्ड कॉर्टिनाला 1964 मध्ये ‘एरोफ्लो’ दिलं तेव्हा डॅशवर गोल फिरणारे व्हेंट आले आणि मागच्या खांबांवर हवा बाहेर सोडणाऱ्या जाळ्या. शेवरले कॅमेरोची गोष्ट त्याहून बोलकी आहे. 1967 च्या गाडीत दाराला हवेसाठी उघडणारी छोटी त्रिकोणी काच होती. 1968 मध्ये डॅशमधून ताज्या हवेची सोय झाली आणि ती काच गेली. म्हणजे तुमच्या गाडीला त्रिकोणी काच नसेल, तर ते काम हे व्हेंटच करतायत. ते काढून एसी बसवलात आणि एसी बंद पडला, की मग काच खाली करून बसा. पावसात तेही नाही.

बरं, गळतीचं काय? तक्रार खरी असते, पण आरोपी बहुतेक वेळा भलताच निघतो.

(काउलमध्ये हळूहळू पाणी ओतताना. दुसरा कॅमेरा डॅशखाली, टॉर्चच्या उजेडात.)

तांब्याने ओता, सावकाश. प्रेशर वॉशर नको, त्याने धडधाकट गाडीही गळेल. एक माणूस आत टॉर्च घेऊन आडवा. फेंडरखालून पाणी यायला लागलं तर वाट मोकळी आहे. नाही आलं तर आत पानांचा लगदा साचलाय. पाणी तुंबतं, चढतं आणि व्हेंटच्या तोंडातून कार्पेटवर उतरतं. तिथे हात घालून चिखल काढणं हाच इलाज.

फेंडरखालून व्यवस्थित येतंय आणि तरी कार्पेट ओलं होतंय? मग झडपेच्या कडेची फोमची पट्टी बघा. ही बघा, बोट लावलं की काळा चुरा होतोय. झडप ‘बंद’ आहे, पण बंद होत नाही. पट्टी बदलायला एक दुपार पुरते.

तिसरी शक्यता वाईट. पत्राच सडलेला. सुरुवातीच्या फोर्ड मस्टँगचं हे दुखणं प्रसिद्ध आहे: काउलमध्ये हवेच्या भोकाभोवती टोपीसारखी उभी कडा असते, पाणी आत जाऊ नये म्हणून, आणि नेमकी तीच गंजते. काउलचे वरचे-खालचे पत्रे स्पॉट वेल्डने, म्हणजे ठिपक्या-ठिपक्यांच्या वेल्डिंगने जोडलेले, त्यामुळे दुरुस्ती म्हणजे वेल्ड ड्रिल करून वरचा पत्रा उचलणं. अशा गाडीत आतून व्हेंट काढून झाकण मारलंत तर गंज तिथेच राहतो, फक्त दिसत नाही. पाणी काउलमध्ये पडतच राहणार आहे ना!

आता एसीवाल्यांचा मुद्दा. तो मला मान्य आहे. एसीचा आतला खोका बऱ्याचदा शेजारच्या सीटसमोर येतो आणि त्या बाजूचा डबा खरंच आड येतो. जागाच नसेल तर काढा. पण एका बाजूचा आड आला म्हणून दुसरा का काढायचा? झडप घट्ट बसत असेल तर एसीला त्याचा त्रास नाही. खात्री करायची तर झडप बंद करून गाडी चालवा आणि शेजारच्याला टिश्यू पेपरची पट्टी डब्यासमोर धरायला सांगा. पट्टी फडफडली तर हवा येतेय.

एक गोष्ट जरा गंभीरपणे. समोरून स्वच्छ हवा येत असली की केबिनमधला दाब थोडा चढा राहतो. ती वाट बंद करून फक्त मागची काच उघडली, तर मागचा धूर आत ओढला जाऊ शकतो. डिकीचं रबर जुनं, सायलेन्सरचे जोड जुने, आणि त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नसतो. व्हेंट काढणार असाल तर आधी हे रबर आणि जोड तपासा.

काढायचंच ठरलं, तर झाकण मूळ स्क्रूच्याच भोकांवर बसवा. मधे पाणी न शोषणारा फोम. साधा स्पंज ओला राहतो आणि पत्रा खातो. वेल्डिंग नाही. आणि तो फुगणारा स्प्रे फोम तर अजिबात नाही! काउलमध्ये भरलेला तो फोम मी चमच्याने खरवडून काढलाय. पाण्याच्या वाटाही त्यानेच बुजल्या होत्या. काढलेला डबा, केबल, नॉब, स्क्रू एका पिशवीत, वर गाडीचं नाव आणि बाजू लिहून. उद्या गाडी विकताना ती पिशवी सोबत द्या.

(डबा उचलून गाडीकडे.)

या गाडीत एसीच्या बाजूला झाकण बसवलंय. हा डबा चालकाच्या बाजूचा, तो परत जातोय. पट्टी नवी, केबलला दोन थेंब तेल. टॉर्च धरा जरा.