स्ट्रायपरच्या ताटात आज काय?

(दृश्य: उथळ खारं तळं, मावळतीचा उजेड)

मे महिन्यातली उबदार संध्याकाळ. अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यातलं, किनाऱ्याला लागून असलेलं निनिग्रेटचं खारं तळं. अमावास्या जवळ आली आहे. अंधार पडू लागतो तसे तळच्या चिखलातून बोटाएवढे तांबूस किडे वर येतात आणि पाण्यावर गरगर फिरू लागतात. ही त्यांची वीण. थोड्याच वेळात त्यांच्यामध्ये गोल वलयं उमटतात. स्ट्राइप्ड बास हा मासा जेवायला आला आहे.

इथले लोक त्याला स्ट्रायपर म्हणतात. अंगावर काळे आडवे पट्टे, आणि तोंड असं की हेरिंगसारखा मासा अख्खा गिळावा. पण अशा रात्री त्याला फक्त किडे हवे असतात. मोठं चकचकीत आमिष समोरून ओढत न्या, तो ढुंकून बघत नाही. चालतो तो दोऱ्या-पिसांचा, किड्याच्या मापाचा फ्लाय. आणि भोवती हजारो खरे किडे असताना त्याने नेमका तुमचाच का उचलावा? त्याला नशीबच लागतं.

(दृश्य: नदीचं मुख, चढणीचे मासे)

किड्यांच्या आधीपासून हेरिंगची चढण सुरू झालेली असते. चेसापीक उपसागराच्या नद्यांत आणि हडसन नदीत अंडी घालून मोठे स्ट्रायपर उत्तरेकडे निघतात, तेव्हा एलवाइफ आणि ब्लूबॅक हे हेरिंग समुद्रातून गोड्या पाण्याकडे वळलेले असतात. म्हणून या दिवसांत जाणता माणूस नदीच्या मुखाशी उभा दिसतो.

मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केप कॉडच्या कालव्यात सगळा कारभार भरती-ओहोटीचा. दोन्ही टोकांच्या भरतीच्या वेळा जुळत नाहीत, त्यामुळे पाणी नदीसारखं धावतं आणि दर काही तासांनी उलटतं. त्या ओढीत बांगड्याच्या कुळातले मॅकरेल वाहत येतात. पहाटे काठावरच्या दगडांवर गळवाल्यांची रांग लागते.

उन्हाळ्यात वाळूच्या उथळ भागांवर सँड ईल. नाव ईलचं, म्हणजे वामीचं, पण हा खरा ईल नव्हे. पेन्सिलीसारखा बारीक मासा, रात्री स्वतःला वाळूत गाडून घेणारा. स्टेलवॅगन बँक या समुद्रातल्या उथळ पट्ट्यावर हंपबॅक देवमासेही याच्यासाठीच येतात. इथे आमिषही तसंच सडपातळ लागतं.

(दृश्य: मेनहेडनचा थवा, वरून)

पण मोठा स्ट्रायपर हवा असेल तर मेनहेडन शोधा. न्यूयॉर्ककडे ‘बंकर’, न्यू इंग्लंडमध्ये ‘पोगी’. आपल्या तारलीच्या गोतावळ्यातला हा तेलकट मासा तोंड उघडं ठेवून पोहतो आणि पाण्यातले सूक्ष्मजीव गाळून खातो. थवा शांत फिरत असेल तर खाली कोणी नाही. अचानक पाणी उसळलं, मासे हवेत उडाले, की समजावं. जिवंत बंकर गळाला लावून सोडतात. २०२१ पासून खऱ्या आमिषाला वर्तुळाकार गळच लावावा लागतो, म्हणजे तो माशाच्या पोटात न रुतता जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो.

शरद ऋतूत पाणी गार होतं आणि सगळेच दक्षिणेकडे निघतात. लाँग आयलंडच्या टोकाला, माँटॉकला, मांदेलीच्या कुळातल्या इवल्या अँचोव्हींचे तपकिरी ढग किनाऱ्याला येऊन भिडतात. वर समुद्रपक्षी, खाली स्ट्रायपर. पुढे न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर मेनहेडनची पिल्लं.

(दृश्य: मासेमारी बंदर)

याच मेनहेडनपासून व्हर्जिनियात तेल आणि माशांची पूड बनते. स्ट्रायपरची संख्या घटल्याचं २०१९ मध्ये जाहीर झालं. २०२३ पासून हौशी मासेमाराला समुद्रात फक्त २८ ते ३१ इंचांमधला मासा ठेवता येतो. मात्र माझ्या मते महत्त्वाचा निर्णय २०२० चा आहे: किनाऱ्यावरच्या राज्यांच्या सामायिक आयोगाने मेनहेडन किती पकडायचा हे ठरवताना स्ट्रायपरच्या पोटाचाही हिशेब धरायचं मान्य केलं.