ओला कचरा उंबरठ्याच्या आत

नमस्कार, श्रोतेहो. सकाळचा स्वयंपाक आटोपल्यावर ओट्याच्या कोपऱ्यात मेथीच्या काड्या, दुधीच्या साली, कांद्याची टरफले आणि चहाचा चोथा यांचा जो ढीग साठतो, त्याच्याविषयी आज मला बोलायचे आहे. आपल्या शहरांमधल्या एकूण कचऱ्यापैकी निम्म्याच्या आसपास भाग असा कुजणारा असतो, आणि म्हणून घरातला कचरा कमी करायचा असेल तर सुरुवात स्वयंपाकघरापासून करावी, असे माझे ठाम मत आहे.

हा ढीग प्लास्टिकच्या पिशवीत बांधून बाहेर दिला की त्याचे रूप पालटते. पिशवीत शेजारी पडलेला कागद भिजतो, पुठ्ठा चिकट होतो, दुधाच्या पिशव्या बरबटतात, आणि रद्दीवाल्याने आनंदाने घेतल्या असत्या अशा वस्तूही टाकाऊ ठरतात. हे सगळे पुढे कोणाला तरी हातांनी निवडावे लागते. पुण्यात कचरावेचकांनी १९९३ साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी केली आणि तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था जन्माला आली. या कामात बहुसंख्येने असलेल्या बायांच्या हातात दुसऱ्याच्या घरचे सडलेले खरकटे, काचा आणि वापरलेले सॅनिटरी पॅड एकाच पिशवीतून येतात, हे आठवले की मला आजही अस्वस्थ वाटते. पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढण्याची साधी विनंती या संस्थेने नागरिकांना केली आहे, आणि ती पाळायला आपल्याला अर्धे मिनिटही लागत नाही.

जे निवडले जात नाही, ते डेपोवर जाते. मुंबईचे देवनार १९२७ पासून कचरा झेलत आले आहे. २०१६ च्या जानेवारीत तिथे आग लागली, तेव्हा आसपासच्या वस्त्या कित्येक दिवस धुरात होत्या आणि शाळा बंद ठेवाव्या लागल्या. ढिगाच्या पोटात हवा पोहोचत नाही, त्यामुळे ओला कचरा तिथे कुजताना मिथेन वायू तयार होतो. हा वायू सहज पेट घेतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो.

कचरा वेगवेगळा करून देण्याचे बंधन केंद्र सरकारच्या २०१६ च्या घनकचरा नियमांनी घातले, तरी पुष्कळ जण मला विचारतात, की आम्ही वेगळा केलेला कचरा गाडीत एकत्रच होणार असेल तर आमच्या कष्टांचा काय उपयोग? ही तक्रार अनेक ठिकाणी खरी आहे. परंतु जो कचरा उंबरठा ओलांडतच नाही, तो कोणालाही एकत्र करता येत नाही, आणि एवढे तरी संपूर्णपणे आपल्या हातात आहे.

ओल्या कचऱ्याचे घरातच खत करायला वीस लिटरच्या दोन बादल्या पुरतात. एक भरली की दुसरी वापरायला घ्यावी, म्हणजे पहिलीला मुरायला वेळ मिळतो. बाजूंना आणि तळाला भोके पाडून खाली ताटली ठेवावी, तळाशी नारळाच्या शेंड्या पसराव्यात, त्यावर रोजचा कचरा बारीक चिरून आणि निथळून टाकावा, आणि तो पूर्ण झाकला जाईल इतका वाळलेला पालापाचोळा वर घालावा. सुरुवातीला विरजण म्हणून थोडे जुने खत, शेण किंवा आंबट ताक घालावे. आठवड्यातून दोनदा काठीने खालीवर करावे.

माझी पहिली बादली बिघडली होती. पालापाचोळ्याला मी महत्त्व दिले नाही, साली आणि चोथा तेवढा टाकत राहिले, आणि आठ दिवसांत असा दर्प सुटला की घरच्यांनी ती खाली नेऊन ओतायला लावली. कारण मला नंतर उमगले. भाजीच्या कचऱ्यात पाणी आणि नायट्रोजन भरपूर असतो, वाळलेल्या पानांत कार्बन असतो, आणि हवेत जगणाऱ्या जिवाणूंना दोन्ही लागतात. पाने नसली की ओला कचरा दबून बसतो, हवा कोंडते आणि खत होण्याऐवजी सडणे सुरू होते. तेव्हापासून मी मुठीची परीक्षा करते: मूठभर मिश्रण दाबले असता हाताला ओल लागावी, पण पाणी ठिबकू नये. पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नये. अळ्या झाल्या तर ओल वाढली असे समजून कोरडी पाने वाढवावीत. तेलकट उरलेले अन्न आणि मासळीचे काटे मात्र या बादलीत नकोत. आंब्याच्या कोयी आणि करवंट्या कुजायला फार काळ घेतात, म्हणून त्या बाजूला ठेवाव्यात.

पालापाचोळा कुठून आणायचा, हा प्रश्न शहरात रास्त आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्त्याकडेची झाडे पाने गाळतात आणि अनेक ठिकाणी ती झाडून तिथेच जाळली जातात. त्याच दिवसांत दोन-तीन पोती भरून कोरड्या जागी ठेवली, तर पावसाळ्यातही पुरतात, आणि गल्लीतला धूरही तेवढा कमी होतो.

भरलेली बादली दीड-दोन महिने मुरू दिली की तिच्यातून पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास येतो. ते खत चाळून तुळशीला, कढीपत्त्याला, सोसायटीच्या बागेला घालावे. चाळणीत उरलेल्या काड्या आणि न कुजलेले तुकडे फेकू नयेत. ते पुढच्या बादलीच्या तळाशी घालावेत, म्हणजे त्या खेपेला वेगळे विरजण शोधावे लागत नाही.