मधल्या खुर्चीवर बसण्याआधी

नमस्कार, श्रोतेहो. आपल्यापैकी अनेकजण एखाद्या वाचनालयाचे, अभ्यासिकेचे किंवा रुग्णसेवा मंडळाचे काम पदरमोड करून करत असाल. अशा संस्थांत मी बरीच वर्षे वावरलो आहे आणि गेली काही वर्षे तेथील स्वयंसेवकांना आपसातील तंट्यांत मध्यस्थी करण्याचे प्रशिक्षण देतो आहे. आज त्या प्रशिक्षणाविषयी बोलायचे आहे.

'आपण सगळे एका कुटुंबातले आहोत' हे वाक्य आपल्या संस्थांत फार प्रेमाने उच्चारले जाते. पण त्याच वाक्याखाली कुरबुरी वर्षानुवर्षे दडपल्या जातात. पगार नसलेल्या माणसाला संस्थेत मिळणारा मोबदला म्हणजे मान. तो दुखावला की माणूस तक्रार करत नाही, हळूहळू यायचा थांबतो किंवा आपला गट बांधू लागतो. पुढे कार्यकारिणीची निवडणूक आली की हे दोन गट समोरासमोर उभे ठाकतात आणि विश्वस्त बदलल्यानंतर 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात द्यायचा बदल अर्ज एकाऐवजी दोन्ही गट दाखल करतात. मग संस्थेचे काम बाजूला राहते आणि तारखा सुरू होतात. त्या टप्प्यावर समजूत घालणे फार अवघड असते. म्हणून ठिणगी लहान असतानाच मधे बसू शकणारी चार-सहा माणसे संस्थेने तयार ठेवावीत, असे मला कळकळीने वाटते.

ही माणसे कोण असावीत? अध्यक्ष किंवा विश्वस्त नसावेत, कारण ज्याच्या हाती कामे वाटण्याचा अधिकार आहे, त्याच्यासमोर मन मोकळे होत नाही. शिबिराचा स्वयंपाक सांभाळणाऱ्या ताई, ग्रंथपाल, दोन्हीकडच्या लोकांशी ज्यांचे बोलणे चालू असते अशी माणसे यासाठी योग्य ठरतात. मात्र त्यांना शिकवावे लागते, कारण आपल्या मनातील मध्यस्थ म्हणजे निवाडा देणारा पंच असतो. लवाद निर्णय देतो, मध्यस्थ देत नाही. 2023 च्या मध्यस्थता कायद्यातही तोडगा लादण्याचा अधिकार नसलेली तिसरी व्यक्ती, हेच मध्यस्थाचे लक्षण मानले आहे. न्यायालयीन मध्यस्थांसाठी 40 तासांचे प्रशिक्षण रूढ आहे. स्वयंसेवकांना इतका वेळ काढता येत नाही, म्हणून मी चार पूर्ण दुपारी मागतो आणि त्यांतील बहुतेक वेळ सरावाला देतो.

एक सराव सांगतो. एका संस्थेत प्रत्यक्ष घडलेला प्रसंग आम्ही नावे वगळून उभा करतो. 60 जणांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर खजिनदारांनी लिहिले, 'पावती पुस्तक क्रमांक 7 अद्याप जमा झालेले नाही.' ज्या कार्यकर्त्याकडे ते पुस्तक होते, त्याची आई त्या आठवड्यात रुग्णालयात होती. त्याने ग्रुप सोडला आणि वर्गणीचे काम बंद केले. इकडे हिशेब तपासनिसांचा तगादा चालू असल्यामुळे खजिनदारही मेटाकुटीला आले होते.

दोघांच्या भूमिका दोन शिबिरार्थी घेतात आणि तिसरा मधल्या खुर्चीवर बसतो. बहुतेक वेळा तिसरा पहिल्या दोन मिनिटांतच म्हणतो, 'अहो दादा, पुस्तक देऊन टाका ना, विषय संपला.' मी तेथे सराव थांबवतो. पुस्तक मिळते, पण माणूस परत येत नाही, कारण त्याच्या मनात '60 जणांसमोर मला चोर ठरवले' एवढेच उरलेले असते. एकदा शिबिरात फारसे न बोलणाऱ्या एका ताई त्या खुर्चीवर बसल्या. त्या बराच वेळ ऐकत राहिल्या आणि मग म्हणाल्या, 'पुस्तक मागितले याचे तुम्हाला दुःख नाही, सर्वांसमोर मागितले याचे आहे, असे मी समजू का?' कार्यकर्त्याची भूमिका करणारा गृहस्थ मान खाली घालून नुसता 'हो' म्हणाला. मग ताई खजिनदारांकडे वळल्या आणि त्यांच्यावर कोणते दडपण होते, तेही त्यांनी तितक्याच शांतपणे विचारले. ऐकलेले आपल्या शब्दांत परत सांगणे आणि 'बरोबर का?' असे विचारून थांबणे, ही या कामातील सर्वांत अवघड गोष्ट आहे. ती शांतता सहन करायला शिकण्यातच आमची एक पूर्ण दुपार जाते.

कोठे मधे बसायचे नाही, हेही तितक्याच ठामपणे शिकवावे लागते. पैशांच्या अफरातफरीचा संशय असेल, तर तो विषय कार्यकारिणीचा आणि हिशेब तपासनिसांचा आहे. लैंगिक छळाच्या तक्रारीत तर स्वयंसेवक मध्यस्थाने मुळीच पडू नये. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने विनामोबदला काम करणाऱ्या व्यक्तीलाही 'कर्मचारी' मानले आहे. तेथे त्या कायद्याखालील तक्रार समितीमार्फतच पुढे जायचे असते, समेटाचा विचार केवळ तक्रारदार स्त्रीच्या विनंतीवरून होऊ शकतो आणि पैशांचा व्यवहार त्या समेटाचा आधार होऊ शकत नाही. 'संस्थेची बदनामी नको' म्हणून अशा प्रकरणात समजूत घालणे हा त्या स्त्रीवर अन्याय आहे.

बैठक संपल्यावर जे ठरले ते दोघांच्याच शब्दांत अर्ध्या पानावर लिहायचे. पावती पुस्तकाच्या सरावात त्या अर्ध्या पानावर तीन ओळी आल्या: पुस्तक शनिवारी जमा होईल, हिशेब जुळल्याचे खजिनदार त्याच ग्रुपवर लिहितील, यापुढे थकलेले पुस्तक आधी फोनवर मागितले जाईल. त्याखाली महिन्याभरानंतर पुन्हा भेटण्याची तारीख घालायची, आणि मध्यस्थाने बोलताना घेतलेली टिपणे दोघांच्या डोळ्यांदेखत फाडून टाकायची.