बॅजवर चुकून 'विद्यार्थी' छापलं गेलं त्याची गोष्ट

नमस्कार मंडळी. मी कॉलेजात समुपदेशक आहे, म्हणजे काउन्सेलर. मुलं येतात, बसतात, रडतात, कधी नुसतीच पंख्याकडे बघत राहतात आणि मी ऐकते. आज बोलायचंय आम्हा काउन्सेलर लोकांच्या कॉन्फरन्सबद्दल. त्यात रेडिओवर सांगण्यासारखं काय असणार असं तुम्हाला वाटेल, पण थांबा, एक बॅजची गोष्ट आहे आणि ती सांगितल्याशिवाय मी काही पुढं जाणार नाहीये.

नोकरीला वर्षही झालं नव्हतं, अख्ख्या कॉलेजात काउन्सेलर मी एकटी, आणि पहिल्यांदाच कॉन्फरन्सला गेलेले. नोंदणीच्या टेबलावर बॅज मिळाला, न बघताच गळ्यात अडकवला. पदाच्या जागी छापलं होतं 'विद्यार्थी'. मला दुपारपर्यंत पत्ताच नाही! आता हॉलभर काउन्सेलर आणि मधे एक विद्यार्थिनी, काय होईल तुम्हीच सांगा. चहाच्या रांगेत एक बाई विचारतात, झोप होते ना नीट? जिन्यात एक सर थांबले, घरच्यांशी बोलणं होतं का? मी मनात म्हणतेय, किती प्रेमळ लोक आहेत हो, आणि सगळ्यांना खरीखरी उत्तरं देत सुटलेय.

जेवताना एक पांढऱ्या केसांच्या मॅडम शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "कसं चाललंय गं?" बास, एवढंच. आणि मी जी बोलायला लागले ती थांबेचना. दिवसाला सात-सात मुलं बघते, शेवटच्याचं नाव घरी जाताना आठवत नाही, एक मुलगा तीन आठवडे फिरकला नाहीये तर मी रात्री उठून फोन बघते, स्टाफरूममध्ये लोक सहज विचारतात आज कोण आलं होतं, आणि ते सांगायचं नसतं म्हणून मी तिथं डबा खायला जाणंच सोडलंय. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, मग हळूच बॅजकडे बोट केलं, "अगं पण तू तर विद्यार्थी ना?" मी खाली बघितलं. दोघी इतक्या हसलो की पलीकडचं टेबल वळून बघायला लागलं. मी बॅज बदलून आणायला उठले तर त्यांनी हाताला धरून बसवलं, "राहू दे गं संध्याकाळपर्यंत, फायदाच होतोय तुला."

राहू दिला. संध्याकाळपर्यंत आणखी चौघांनी विचारलं, झोप होते ना!

त्या दिवशी स्टेजवर काय भाषणं झाली ते मला आज विचाराल तर शप्पथ एक आठवत नाही. (तसंही ताणतणावावरच्या भाषणात सूर्यास्ताचे फोटो दाखवायला कायद्यानं बंदी पाहिजे, हे माझं फार जुनं मत आहे.)

तर मुद्दा हा, की हे काम एकट्यानं करायचं नाही. परत सांगते, एकट्यानं करायचं नाही. हे आमच्या आधीच्यांना कधीच कळलंय. अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात 1910 साली विद्यार्थ्यांसाठी मानसिक आरोग्याची सेवा सुरू झाली, तिकडची तशी ही पहिली मानतात, आणि 1950 मध्ये समुपदेशन केंद्रांच्या संचालकांनी आपली संघटना काढली. म्हणजे ती साहेब लोकांची. साध्या कॉलेज काउन्सेलरांची वेगळी अमेरिकन संघटना व्हायला 1991 उजाडलं, आणि यात मला नवल वाटत नाही, साहेबांना भेटायला वेळ आधी मिळतो! समुपदेशन केंद्रांना मान्यता देणारी तिकडची संस्था बरीच वर्षं म्हणत आलीय, हजार ते दीड हजार विद्यार्थ्यांमागे एक पूर्णवेळ काउन्सेलर हवा. आता तुमच्या ओळखीच्या कॉलेजात मुलं किती आणि काउन्सेलर किती, करा हिशोब.

त्या मॅडम, मी आणि अजून तिघं, असा आमचा पाच जणांचा ग्रुप झाला. महिन्यातून एकदा फोनवर तासभर. नियम एकच, नाव नाही, वर्ग नाही, ओळख पटेल असं काही नाही. लिहून घ्या हवं तर, नाव नाही, वर्ग नाही, ओळख पटेल असं काही नाही. बोलतो काय? समजा एखादी मुलगी जीव द्यायचं बोलतेय आणि वर म्हणतेय कुणाला सांगू नका. आता जिवाला धोका असेल तर गुप्तता थांबते, मदतीला माणसं बोलवावीच लागतात, हे आम्ही पहिल्या भेटीतच सांगून ठेवलेलं असतं. नियम पाठ असतो हो, पण समोर ती बसलेली असताना ते वाक्य तोंडातून कसं काढायचं, आधी काय म्हणायचं, किती वेळ गप्प बसायचं, हे कुठल्या पुस्तकात नसतं. ते मला मॅडमनी फोनवर तीनदा म्हणून दाखवलं, आणि माझ्याकडून पाचदा म्हणवून घेतलं.

म्हणून कुणी नवीन काउन्सेलर ऐकत असेल तर कॉन्फरन्सला जा, मोठ्या हॉलमध्ये हजेरी लावा, पण मग छोट्या खोलीत जा जिथं सात-आठच खुर्च्या असतात, आणि विचारा की इथं आपल्या कॉलेजात एकटं कोण आहे. हात वर होतात बघा.

यंदाच्या कॉन्फरन्सला नोंदणीच्या टेबलावर मीच बसणारे. बॅज छापायचं कामही माझ्याकडेच आलंय. एखादा चुकेल म्हणते.