गुलाबी पद्मिनी

(दृश्य: पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून खाली अंगण. गाडीचा टप आणि बॉनेट.)

वरून पाहिलं तर ही गाडी गुलाबी आहे. गल्लीतली पोरं तिला गुलाबी गाडीच म्हणतात. आरसी बुकात मात्र रंगाच्या रकान्यात लिहिलंय, लाल.

(दृश्य: आरसी बुकाचं पान. रकान्यावर टेकलेलं बोट.)

प्रीमियर पद्मिनी, मॉडेल १९९१. सांगलीत, विश्रामबागेत, एका निवृत्त हायस्कूल मास्तरांच्या अंगणात ती उभी असते. मास्तरांना सगळे अण्णा म्हणतात, आपणही अण्णाच म्हणू.

गेल्या वर्षभरात चार जणांनी अण्णांना एकच सल्ला दिला. सगळा रंग खरवडून काढा आणि नवा मारा. चौघांपैकी तिघांचा धंदाच रंग मारण्याचा होता. मिरज रस्त्यावरच्या पत्र्याच्या शेडमधल्या मिस्त्रींनी मात्र बॉनेटवरून नुसती करंगळी फिरवली आणि म्हणाले, "रंग मेला न्हाई ओ अण्णा. वरनं जळलाय फकस्त."

(दृश्य: करंगळी. टोकाला लालसर पूड.)

ही पूड नीट बघा. गाडीचा रंग म्हणजे रंगद्रव्याची बारीक भुकटी आणि तिला धरून ठेवणारं रेझिन. उन्हातले अतिनील किरण आधी रेझिनवर तुटून पडतात. ते खपलं की भुकटी मोकळी होते आणि खडूसारखी बोटाला लागते. खरबरीत झालेल्या अंगावर पडलेला उजेड सरळ परत येत नाही, चहूकडे फुटतो. म्हणून लाल गुलाबी दिसतो आणि काळा राखाडी.

सांगलीकरांना हे वेगळं शिकवायला नको. हळदीच्या या बाजारपेठेत लहान पोरालाही ठाऊक असतं, की कापडावरचा हळदीचा डाग साबणानं हटत नाही, तो उन्हात वाळत घातला की जातो. अण्णांच्या गाडीनं तर सांगलीचे तीसहून जास्त मे महिने उघड्या अंगणात काढलेत.

(दृश्य: पाण्याची नळी. बॉनेटवर पाणी सोडलं जातं. रंग गडद होत जातो. निवेदन नाही, १२ सेकंद.)

पाणी वाळेपर्यंत एवढंच. खरबरीत खाचा पाण्यानं भरल्या की उजेड पुन्हा नीट ये-जा करतो. गाडीवरून डिझेलचं फडकं फिरवणारे जुने ड्रायव्हर करायचे ते हेच. दोन दिवस चकाकी, तिसऱ्या दिवशी त्यावर धूळ बसून गाडी आधीपेक्षा मळकट. पण या पाण्यानं एक गोष्ट दाखवून दिली. लाल रंग खाली आहे.

(दृश्य: वालचंद कॉलेजचं प्रवेशद्वार. गाडी समोरून जाते.)

गाडी मिस्त्रींकडे निघालीय तोवर थोडं मागं जाऊ. हे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय. १९४७ साली सुरू झालं, १९५५ मध्ये त्याला शेठ वालचंद हिराचंदांचं नाव मिळालं. मूळचे सोलापूरचे हे उद्योजक. त्यांनीच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटच्या परवान्यानं गाड्या बनू लागल्या. १९६४ पासून फियाट ११०० डी. तीच पुढं प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ मध्ये पद्मिनी. १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. गाडी बुक करून लोक वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट बघायचे. नाव पद्मिनी झालं तरी सांगलीत कुणी तिला पद्मिनी म्हणत नव्हतं. फियाटच.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि चित्र पालटलं. तरीही १९९१ साली, शेजारी मारुतीचे पेढे वाटत असताना, अण्णांनी पद्मिनीच घेतली. कारण विचारलं तर ते दार लावून दाखवतात.

(दृश्य: दार बंद होतं. आवाज. पुन्हा एकदा.)

आता शेड. सकाळचे सात. काम सावलीत आणि गार पत्र्यावरच करायचं, असा मिस्त्रींचा नियम. ऊन चढलं, पत्रा तापला की कंपाउंड, म्हणजे रंग घासायची कणीदार पेस्ट, लावता लावता वाळतं.

(दृश्य: पांढरं फडकं, डिकीच्या झाकणाचा आतला कोपरा.)

पहिली परीक्षा फडक्याची. कुणाच्या नजरेला न पडणारा कोपरा निवडायचा, थोडं कंपाउंड घ्यायचं आणि हलक्या हातानं घासायचं. फडकं पांढरंच राहिलं तर रंगावर पारदर्शक क्लिअर कोट आहे, हल्लीच्या गाड्यांवर असतो तसा. तो क्लिअर कोट एकदा पापुद्रे सोडायला लागला की कितीही घासा, परत येत नाही. आणि फडक्याला रंग लागला, तर वरपासून खालपर्यंत एकच रंग.

(दृश्य: फडकं उलटं करून कॅमेऱ्यापुढं. लालभडक.)

अण्णा खुर्चीवरून उठून आले ते इथं.

दुसरी परीक्षा मिस्त्रींच्या भाच्याची. भाचा पुण्याला डिटेलिंगचं, म्हणजे गाड्या घासूनपुसून चकचकीत करायचं, काम शिकून आलाय आणि त्याच्याकडे एक मीटर आहे. लोखंडी पत्र्यावर टेकवलं की वरचा थर किती मायक्रॉन, ते आकडा सांगतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. दार, ११२. बॉनेट, ९४. मागचं डावं मडगार्ड, ६४०.

(दृश्य: मीटरचा आकडा. मिस्त्री हसतात.)

मडगार्डला कधीतरी मार बसलाय आणि वर लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरून रंग मारलाय. मिस्त्रींनी ते मीटर लावायच्या आधीच सांगितलं होतं. त्यांचं मीटर म्हणजे स्पीकरमधून काढलेलं लोहचुंबक. खाली लांबी जाड असली की ते चिकटत नाही. मामा-भाच्याची यावरून सकाळी अर्धा तास हुज्जत झाली. ती सगळी इथं घेतलेली नाही.

टपाचा आकडा आला ५१. त्याच्याकडे नंतर येऊ.

(दृश्य: शाम्पू, फेस, बादली. मग क्लेची लादी, हाताच्या तळव्याएवढी.)

आधी धुणं. मग क्ले. पीठ मळल्यासारखा मऊ गोळा, साबणाच्या पाण्यावर सरकवत न्यायचा. रंगात रुतून बसलेली धूळ, डांबराचे कण, झाडाचा चीक तो उचलून घेतो. हे टाळून मशीन लावली तर तेच कण पॅडखाली फिरतात आणि गाडीभर गोल गोल ओरखडे उमटतात. रस्त्यावर दहा मिनिटांत पॉलिश करून देणारे नेमकं हेच टाळतात. बघा, दहा इंचांचा पट्टा झाला आणि गोळा काळा पडला.

(दृश्य: मास्किंग टेप. खिडकीचं रबर, क्रोमची पट्टी, हेडलाइटची कडी.)

टेप लावायला दोन तास गेले. रबराला कंपाउंड लागलं की पांढरं पडतं आणि तो डाग सहजी निघत नाही, म्हणून रबर झाकायचं. पत्र्याच्या घड्या आणि कडा झाकायच्या त्या वेगळ्या कारणानं. कारखान्यात रंग मारतानाच कडेवर थर पातळ बसतो, आणि घासताना मशीनचा सगळा भार तिथंच येतो.

(दृश्य: मशीनचा आवाज. लोकरी पॅड. बॉनेटचा उजवा अर्धा भाग.)

हे रबिंग. घोटणंच म्हणा ना. खपलेला थर काढायचा आणि खालचा जिवंत रंग उजेडात आणायचा. एका वेळी दीड-दोन फुटांचा चौकोन. आधी आडवं, मग उभं. वेग कमी, दाब बेताचा, आणि दर मिनिटाला पत्र्यावर हाताची पाठ ठेवून बघायचं. हात ठेववत नसेल तर थांबायचं. एका खेपेला दोन-चार मायक्रॉन उतरतात. पॅड लाल झालं की घाबरायचं नाही, ते लाल होणारच. ब्रशनं झाडायचं आणि पुढं चालायचं.

(दृश्य: बॉनेटच्या मधोमध टेप. डावीकडे गुलाबी, उजवीकडे लाल. टेप निघते. निवेदन नाही, २० सेकंद.)

चौकात गाडी नवी रंगवून मागितली तर चार दिवसांत मिळाली असती. त्यासाठी हा सगळा थर पत्र्यापर्यंत उतरवावा लागला असता. कुर्ल्याच्या कारखान्यात १९९१ साली बसलेला हा रंग एकदा उतरवला की कुठल्याही दुकानातून परत आणता येत नाही. अशी शाबूत मूळ रंगाची पद्मिनी आता सहज दिसत नाही. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या.

(दृश्य: मिस्त्री हातानं घोटताना. दाराच्या मुठीभोवती.)

जिथं मशीन पोचत नाही तिथं हात. मुठीभोवती, आरशाच्या बुडाशी, नंबर प्लेटच्या वर. मिस्त्री मऊ बनियनचं फडकं वापरतात. टेरिकॉट नाही, शिवण नाही, बटण तर नाहीच. चाळीस वर्षं हे काम केलेली बोटं आहेत ही. आधी तासभर लोखंडासारखी ताठ, आणि मग मशीनपेक्षा नाजूक.

दुसऱ्या दिवशी फोमचं पॅड आणि बारीक पॉलिश. कंपाउंडनं सोडलेलं धुकं त्यानं जातं. त्याआधी रात्रभर तेलकट ग्लेझ लावून ठेवलं होतं, कोरडा रंग ते पितो. भाच्याला हे पटत नव्हतं. सकाळी पुसल्यावर तो काही बोलला नाही.

(दृश्य: सकाळ. ग्लेझ पुसली जाते. भाच्याचा चेहरा.)

बॉनेटच्या उजव्या घडीवर चार इंच रंगाखालचं करडं अस्तर दिसतंय. टेप सुटली होती. कॅमेरा तेव्हा बंद होता. मागच्या दाराखालचा सडलेला पत्रा कापून नवा जोडला, तेव्हाही आम्ही तिथं नव्हतो. मडगार्डची लांबी तशीच आहे. आणि असं घोटणं या गाडीला आता फार तर एकदाच परवडेल.

(दृश्य: मेणाची डबी. गोल गोल फिरणारा हात.)

शेवटी मेण. ते रंगाला ऊन लागू देत नाही असं नाही, पण आधी स्वतः झिजतं. दर तीन-चार महिन्यांनी पुन्हा लावायचं. ताडपत्री टाकायची नाही. खाली ओल कोंडते आणि पत्रा आतून गंजतो. साध्या सुती कापडाची खोळ पुरते, आणि अंगणात शेड झाली तर उत्तम. काकूंनी शेडचा विषय काढला तेव्हा अण्णा मेणाची डबी वाचत होते.

(दृश्य: गाडी गल्लीत शिरते. पोरं मागं धावतात.)

पंधरा वर्षं झाली की पुन्हा पासिंग, मग दर पाच वर्षांनी, वर पर्यावरण कर. ते सगळं अण्णा भरत आलेत.

(दृश्य: अंगण. गाडी जागेवर उभी. उन्हात दार, मडगार्ड, बॉनेट. लाल.)

राहिला टप. ५१ मायक्रॉन. उन्हाचा मारा तिथं सगळ्यात जास्त, आणि एकेकाळी दर दिवाळीला कुणीतरी पॉलिशच्या नावाखाली तिथं मनसोक्त घासलंय. भाचा म्हणाला, हलकी एक खेप होईल. मिस्त्री म्हणाले, "हात लावायचा न्हाई." धुतला, मेण लावलं, सोडून दिला.

(दृश्य: पुन्हा पहिल्या मजल्याची गॅलरी. कॅमेरा खाली वळतो. मधोमध गुलाबी टप, भोवती लाल.)

अण्णा पहिल्या मजल्यावर राहतात.